विनापरवाना प्रवेश

६ जुलै, रविवार. ग्योतोकु, जपान

मी जाणार. विषय संपला!

सकाळी स्वानंदनं लॅपटॉप उघडून दाखवलं — ऑगस्टमध्ये ओबोनच्या, म्हणजे इथल्या पितरांच्या सणाच्या सुट्टीत तो, राधिका आणि तन्वी आफ्रिकेला सफारीला चाललेत. टांझानियात कताव्ही नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. अगदी आडबाजूला. छोट्या विमानानं उतरायचं, तंबूत राहायचं, चालत फिरायचं. आणि मला? मला त्याच्या आदल्या दिवशी मुंबईच्या विमानात बसवून देणार. "बाबा, एकोणसत्तर वय, त्यात बी.पी. तुम्हाला झेपणार नाही."

मला! मेळघाटात चौतीस वर्षं वनरक्षक होतो. अस्वल अंगावर आलं तेव्हा हा बालवाडीत होता. आता मुलगा मला जंगल शिकवतोय. सूनबाई म्हणाल्या, जायच्या आधी तुम्हाला डिस्नीलँड दाखवू. राधिका मनानं चांगली आहे, म्हणून बरं म्हटलं.

७ जुलै

कोणाला विचारणार नाही. पेन्शन माझी, पाय माझे.

९ जुलै

तयारी सुरू. सकाळी नदीकाठानं दोन तास चाललो. धाप नाही, काही नाही.

दुपारी तन्वीला टांझानियाच्या व्हिसाचा अर्ज कॉम्प्युटरवर भरायला बसवलं. "पापाला सांगितलं?" नाही म्हटलं. "आजोबा, दामे!" दामे म्हणजे चालणार नाही. अकरा वर्षांची पोर, दिवसातून वीस वेळा मला दामे करते. अर्ज मात्र भरला.

लॅपटॉपवरचे फोटो परत पाहिले. उन्हानं आटलेली नदी, चिखलात खच्चून भरलेले पाणघोडे. सिंहाचा माग एकदा बोटं लावून मोजायचाय. वाघाचे मोजून झाले, सिंहाचा राहिलाय. ही हौस म्हातारपणाची नाही, पहिल्या पगारापासूनची आहे.

१३ जुलै, रविवार

घोळ झाला.

इथे खाडीलगत पक्ष्यांसाठी राखलेली पाणथळ आहे. कडेच्या चिखलात ताजा माग दिसला. कुत्र्यासारखा, पण बोटं जास्त गोल. तानुकी असणार — कोल्ह्याच्या जातीचं, काळ्या तोंडाचं जनावर. माग कुंपणाखालून आत गेलेला. मग मीही गेलो! गुडघाभर चिखल, अंगात पंचविशीतला जोर. वीस मिनिटांत बीळ सापडलं. आणि मागे वळून पाहतो तर दोन पोलीस.

पोलीस चौकीत नेलं. बसायला खुर्ची दिली, सातूचा गार चहा दिला. पासपोर्ट मागितला, तो घरी कपाटात. मासे चोरत होतात का, असं एकानं चित्र काढून विचारलं. मासे! मी!

स्वानंद धावत आला. प्रत्येकापुढे कमरेत वाकून माफी मागत होता. ते बघवेना. मी सांगितलं, जपानी येत नाही, पाटी वाचता आली नाही. साफ खोटं. कुंपणावरची पाटी न वाचताही कळली होती. असल्या लाल अक्षरांच्या पाट्या मी जन्मभर ठोकल्या. विनापरवाना प्रवेश म्हणून किती जणांना पकडलं, आणि आज स्वतःच गुन्हेगार! हसू पण येत होतं. स्वानंदकडे पाहिलं आणि दाबून टाकलं.

१४ जुलै

स्वानंद अजून रागात आहे. जेवताना एवढंच म्हणाला — "तिथे असं केलंत तर? तिथे हत्ती आहेत." बरोबर बोलला. मी कबूल केलं नाही. उलट म्हटलं, हत्तीला तुझ्यापेक्षा जास्त समजतं.

राधिकानं पासपोर्टला प्लास्टिकचं पाकीट आणून दोरी लावली. शाळेतल्या पोरासारखं गळ्यात घालून फिरायचं म्हणे. घालीन. पण आफ्रिकेत पण तेच घालून जाईन!

१५ जुलै

व्हिसा आला!! अमरावतीच्या एजंटला फोन केला. जाताना यांच्याच विमानाचं, येताना परस्पर मुंबईचं तिकीट काढायला लावलं. पैसे भरले. आता ब्रह्मदेव आला तरी ऐकणार नाही.

१६ जुलै

तिकीट छापून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. स्वानंदनं दोनदा वाचलं. मला वाटलं, ओरडेल. उत्तरं पाठ करून बसलो होतो. कागद माझ्याकडे सरकवला आणि वरण वाढून घेतलं, बस्स.

जिंकलो! तरी जेवण गेलं नाही नीट.

१८ जुलै

सकाळी त्याच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत गेलो. वाटेत म्हणाला, "आठवीच्या सुट्टीत मी परतवाड्याहून एस.टी.नं एकटा सेमाडोहला तुमच्याकडे आलो होतो. जंगल बघायला. आठवतं?"

आठवतं. साहेबांचे पाहुणे आले होते. त्यांना जीपमधून मी फिरवणार होतो. मागे एक जागा रिकामी होती. साहेब काय म्हणतील म्हणून पोराला नाक्यावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत पाठवलं. पुन्हा त्यानं कधी विचारलं नाही, मीही नेलं नाही.

खिशातलं तिकीट काढून त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "मला नेशील का?"

"बघतो," म्हणाला आणि आत गेला.

मी तर तेव्हा त्याला तेवढंही म्हणालो नव्हतो.