रामल्याचा पत्ता

रवि. ६ मार्च १९७७, रामला, इस्राएल

मंगळवारच्या पानावर चुकीचं लिहिलंय. लिहिलं की परवान्याच्या ऑफिसातल्या बाईने पत्ता विचारलाच नाही. विचारला होता. पपांच्या पिस्तुलाचं जुनं लायसन हातात धरून ती म्हणाली, "अजून तिथेच राहता?" पपांना हिब्रू समजायच्या आत मीच "केन", हो, म्हणून मोकळी झाले, आणि तिने नव्या लायसनवर शिक्का मारला. फॉर्मवर सरहद्दीच्या मोशावचा, शेतकरी वसाहतीचा, पत्ताही मीच उतरवला होता, जुन्यावरून, हात सवयीने चालला. ते गाव सोडून रामल्याला येऊन सात महिने झाले.

पान फाडणार नाही. मुंबईत शाळेत घालायच्या आधी पपांनी घरीच लिहायला शिकवलं. खोडायचं तर एकच रेघ, खालची चूक वाचता आली पाहिजे. तशी रेघ मारली.

सोम. ७ मार्च

लायसनच्या मागचे नियम आज शब्दकोश घेऊन वाचले. सरहद्दीच्या गावात राहणाऱ्याला पिस्तूल बाळगता येतं, गाव हेच कारण. इथे रामल्यात ते कारण चालत नाही, दुसरं दाखवावं लागतं. माणूस तोच, पिस्तूल तेच, दीड तासाच्या बसने कायदा बदलतो.

पपा संत्र्यांच्या वखारीवर पहारेकरी. मुकादमाने घेतलं ते स्वतःचं पिस्तूल आहे म्हणूनच. लायसन गेलं तर नोकरी गेली. पंचावन्नाव्या वर्षी, अर्ध्या हिब्रूवर, कोण ठेवील? मुकादम भला माणूस, दर शुक्रवारी पिशवीभर संत्री पाठवतो. त्यालाही आम्ही फसवतोय.

आई पोहे निवडत होती. तिचा नवस, लायसन नवं झालं की एलियाहू हन्नाबीचा, आम्हा यहुद्यांच्या प्रेषिताचा, मलिदा, गोड पोह्यांचा प्रसाद. येत्या रविवारी. अकरा घरांना आमंत्रण गेलंय.

माझ्या खोट्याबद्दल देवाचे आभार मानायचे आणि वर प्रसाद वाटायचा?

बुध. ९ मार्च

झोप नाही. धाकट्या शोशीला सांगितलं. मी मराठीत, ती हिब्रूत, नेहमीचंच. म्हणते, "तुला कुणी पकडत नाही म्हणून तूच स्वतःला पकडून देतेस होय?" मग टपली मारली. "पपांना सांग. मी शेजारी बसते."

देवाने अशी बहीण दिली. उपकार.

शनि. १२ मार्च, रात्री, शाबाथचा विसावा सुटल्यावर

सांगितलं. शोशी शेजारी होती. पपा कामावर निघत होते. आईने पिस्तुलासाठी जाड कापडाची पिशवी शिवलीय, ती शर्टाखाली कमरेला बांधत होते. हात थांबला.

"बाय, तू केन म्हणालीस ते मला कळलं होतं. मीपण गप्पच बसलो."

ते खाली बसले. त्यांच्या आजोबांची बंदूक होती, अलिबागेकडे, लायसनची. खाडी ओलांडली की जंजिरा संस्थान, तिथे नवाबाचं लायसन वेगळं. "आजोबा शिव्या घालायचे, हा काय खुळेपणा म्हणून. पण होडीत बसताना बंदूक अलीकडे ठेवून जायचे."

आई पोह्यांचं सूप घेऊन तशीच उभी. "मग उद्याचा मलिदा? अकरा घरांना काय सांगू, नवस परत घेतला?"

"मलिदा कर. लायसनचं नाव काढू नको."

"मग कशाचा करू?"

"पोरीला खोटं पचत नाही. तिच्या पोटासाठी कर."

आई हसली. मी रडले. किती हलकं वाटलं ते लिहिता येत नाही.

रवि. १३ मार्च

मलिदा झाला. गुळाचे पोहे, खोबरं, वेलची, फळं. पपांनी आभार मानले, कशाचे ते मोठ्याने बोलले नाहीत. समोरच्या मोरोक्कन बाईंनी दोनदा घेतला, वर डबा भरून नेला.

मुकादमही आला होता. पपांनी त्याला अंगणात नेऊन सगळं सांगितलं. मी खिडकीतून पाहत, ऐकत होते. मग पपांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आधी ऑफिस काय म्हणतं ते ऐकू." नोकरीला हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. वखारीत पहारा लागतो असं पत्र मात्र देतो म्हणाला. तेवढ्यासाठीही ऋणी आहे.

नवा फॉर्म भरला. पत्ता रामल्याचा. जुन्या उत्तराबद्दल खाली चार ओळी, सही माझी. पपा म्हणाले, दोघांची घाल. घातली. पिस्तूल तिथेच ठेवून यायला सांगितलं तर ठेवून येऊ.

उद्या मुकादमाचं पत्र यायचं आहे. मंगळवार, १५ मार्च, सकाळी आठ वाजता, परवान्याच्या ऑफिसात, पपा आणि मी.