तोत्तोरीला मी एकटी जाईन म्हटलं

बुधवार, २९ ऑक्टोबर. तोत्तोरी. संध्याकाळ.
पोचले. एकटी. विमानात शेजारचा गृहस्थ एक शब्द बोलला नाही. बरंच झालं.

ठरलं होतं वेगळंच. मी जपानातून पुण्याला परत जायच्या आधी सगळ्यांनी मिळून एक ट्रिप करायची, केतकीची शाळा दोन दिवस बुडवून. जयेश, मंजुषा, केतकी आणि मी. समुद्रकाठचं वाळवंट, टेकडीएवढे वाळूचे ढीग, उंटावरून फेरी. केतकीने उंटाची चित्रं काढून काढून फ्रिजचं दार भरून टाकलं. आणि आयत्या वेळी जयेशच्या ऑफिसात रिलीज का काय ते निघालं. म्हणाला, “आई, मला नाही निघता येणार. कॅन्सल करूया का?”
मी म्हटलं, “माझ्यासाठी कशाला कॅन्सल? मी एकटी जाईन.”

आता यावर कुठलाही मुलगा काय म्हणेल? “छे, एकटी कशी जाशील?” म्हणेल. मग मी म्हणणार, “न जायला काय झालंय?” मग तो म्हणणार, “नाही म्हणजे नाही.” रीत आहे ती. माझा मुलगा म्हणाला, “वॉव आई, सो इंडिपेंडंट!” आणि जेवणं व्हायच्या आत तिकिटाचा तो ठिपक्यांचा चौकोन माझ्या फोनवर हजर.

मंजुषा म्हणाली, “मग केतकीची तरी शाळा कशाला बुडवायची?” शाळा! पोरगी आजीशी मराठीत दोन वाक्यं बोलून तिसऱ्याला जपानीत घसरते, ते बुडालेलं चालतं.

असो. जयेश म्हणाला, शनिवारी जमलं तर येतो. म्हणजे येणार. मी ओळखते त्याला.

गुरुवार, ३० ऑक्टोबर. दुपार.
संकल्प: केतकी येईपर्यंत चांगल्या गोष्टी संपवायच्या नाहीत. उंट, वाळूच्या शिल्पांचं म्युझियम आणि समुद्र दिसतो तो वाळूचा उंच कडा, हे तिन्ही शनिवारसाठी राखीव.

तरी बसने वाळवंटापर्यंत जाऊन आले. फक्त पाहणी. वाळूवर पाय ठेवला नाही, पायऱ्यांवरूनच बघितलं. वाळवंट जपानी आहे. म्हणजे बेताचं, स्वच्छ, आणि कडेला टॉयलेट. माझ्याहून म्हाताऱ्या बायका भाड्याचे गमबूट घालून तुरुतुरु चढत होत्या. प्रत्येकीबरोबर कुणी ना कुणी. वरून हात हलवत होत्या. एकीने मलाही हलवला. मी घड्याळात बघितलं.

उंट बसला होता. आमच्या ऑफिसातल्या डिव्हिजनल इंजिनिअरसारखा, चघळत आणि कुणाकडेही न बघता.

फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. “मस्त मजा येते आहे. माझी काळजी नको.” जयेशचा अंगठा आला. मंजुषाचं हृदय. माणसांना बोटं आहेत ती एवढ्याचसाठी का?

रात्री.
उतरले आहे ते छोटंसं घरगुती हॉटेल आहे, स्टेशनजवळ. मालकीण मोरिता-सान. माझ्याच वयाची. तिला इंग्रजी येत नाही, मला जपानी येत नाही; मध्ये तिचा फोन भाषांतर करून बोलतो. माझ्यासाठी वेगळं टोफूचं करते, आणि इथल्या वाळूत पिकणाऱ्या लसणीएवढ्या कांद्यांचं लोणचं वाढते. लोणचं बरं आहे. आपल्यासारखं नाही, पण बरं आहे.

जेवताना तिने भाताकडे हात केला. मी मान हलवली, नको. ती थांबली. परत विचारलं. मी पोटावर हात ठेवला, नको नको. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही. वाडगा उचलला आणि भरून समोर ठेवला.

मी दोन घास जास्त जेवले. आमचे हे असेच होते. पिक्चरला येतेस का म्हणून विचारायचे, मी नको म्हणायची. परत विचारायचे, मी म्हणायची घरात कामं पडलीत. तिसऱ्यांदा न विचारता माझ्या चपला काढून पुढे ठेवायचे. उगाच आठवलं. लोणच्याने तहान लागते.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर. संध्याकाळ.
वेळ काढायला त्या कांद्यांची शेतं बघून आले. जांभळी फुलं, लांबपर्यंत. लोक कांद्याबरोबर फोटो काढत होते. मला एकीने खुणेने विचारलं, तुमचा काढू का? मी नको म्हटलं. ती वाकून निघून गेली. सगळ्याच काही मोरिता-सान नसतात.

आत्ता जयेशचा फोन आला. महत्त्वाचा. जसाच्या तसा लिहिते.
“आई, उद्याच्या फ्लाइटला सीट्स दिसतायत. येऊ का आम्ही?”
“नको रे. कशाला उगाच धावपळ?”
“नक्की?”
“नक्की. तू दमलेला असशील. मी मजेत आहे.”

दोनदा विचारून झालं. तिसऱ्यांदा विचारणार तेवढ्यात मागे मंजुषाचा आवाज आला, “काय म्हणतायत आई? घेऊ का तिकिटं?” आणि तो म्हणाला, “बरं, टेक केअर आई,” आणि फोन ठेवला.

आता यात न कळण्यासारखं काय आहे? तिकिटं घ्यायलाच फोन ठेवला. सरप्राइज द्यायचं असणार. लहानपणीही असाच होता, माझ्या वाढदिवसाचं ग्रीटिंग दप्तरात लपवायचा आणि दप्तर उघडं ठेवायचा.

शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, “यस मीन्स यस, नो मीन्स नो, गर्ल्स.” ते शाळेत ठीक होतं. घरी असं कुणी वागलं असतं तर पाहुणे उपाशी उठले असते.

मोरिता-सानला सांगितलं, उद्या आणखी तिघं. मुलगा, सून, नात. तीन गाद्या, तीन ताटं. तिने विचारलं, नक्की का? एकदाच विचारलं. मी छाती पुढे काढून हो म्हटलं.

नाशपातींचं खोकं घेतलं. केतकीला आवडतात.

शनिवार, १ नोव्हेंबर. दुपार.
वारा. वाळवंटात उंटाची फेरी बंद असल्याचं मोरिता-सानच्या फोनने सांगितलं. उद्या सुरू होईल. काही बिघडत नाही, तीन दिवस सुट्टी जोडून आहे.

एअरपोर्टची बस स्टेशनसमोर थांबते. सहज तिथल्या बाकावर जाऊन बसले. पुस्तक घेऊन, म्हणजे जयेशला वाटायला नको की वाट बघत होते. पहिल्या बसमधून सुटकेसवाले उतरले. त्यात नव्हते. केतकीला सकाळी उठवणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. दुपारचं घेतलं असेल.

संध्याकाळी.
दुपारच्याही बसमध्ये नव्हते. वाऱ्याने विमान अडलं असेल. विचारलं, तर वेळेवर उतरलेलं. हल्ली वाऱ्याचंही काही खरं नाही.

रात्री.
चार ताटं मांडली होती. मोरिता-सान दाराशी बसून होती. मी फोनमध्ये बोलले, “प्रोग्रॅम चेंज झाला. ऑफिस.” फोनने काय सांगितलं कोण जाणे. तिने तीन ताटं उचलली नाहीत. नुसती झाकून ठेवली.

ग्रुपवर फोटो आला. इचिकावाला जयेशच्या मित्राकडे, रणजितकडे, दिवाळीनंतरचं गेट-टुगेदर. जयेशच्या हातात प्लेट. मंजुषाने पैठणी नेसलेली. केतकी कोपऱ्यात, तोंड फुगवून. रिलीज संपलं वाटतं.

मी अंगठा पाठवला. मलाही येतो.

रविवार, २ नोव्हेंबर. सकाळ.
केतकीचा फोन. आईबाबा झोपलेले. व्हिडिओवर नुसतं कपाळ दिसत होतं.
“आजी, तू नो का म्हणालीस?”
मी म्हटलं, कशाला नो?
“मी बॅग पॅक केली होती. बकेट पण. मम्मी तिकिटं काढत होती. पप्पा म्हणाले, आजीने दोनदा नको सांगितलं, तिला स्पेस पाहिजे, आपण रिस्पेक्ट केलं पाहिजे.”

स्पेस! अख्खं वाळवंट पडलंय इथे. आणखी किती स्पेस लागते माणसाला?

मग ती म्हणाली, “आजी, आज येऊ? मी पप्पांना उठवते. उद्यापण हॉलिडे आहे.”

मी म्हटलं, “नको गं बाई. उद्या तर मी येतेच आहे. एका दिवसासाठी कशाला तुम्हाला त्रास?”

आणि थांबले. फोन कानाशी घट्ट धरला, व्हिडिओ होता तरी. तिने एवढंच म्हणायचं होतं, येतोच आम्ही. एवढंसं.

 ती “वाकात्ता” म्हणाली, म्हणजे कळलं. आणि बाय.

जपानात वाढलेली मुलं आज्ञाधारक असतात हे मान्य करायला हवं.

संध्याकाळी.
उंट सुरू होता, असं ऐकलं. गेले नाही. उंटावर बसायचं माझं वय आहे का?

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळ.
मोरिता-सानने विचारलं, वाळवंट बघितलं का? म्हटलं, हो, पायऱ्यांवरून. ती हसली नाही. विचारलं, मी येऊ बरोबर? म्हटलं नको, तुमची कामं असतील. परत विचारलं. म्हटलं, माझे गुडघे. ती आत गेली. आली ती गमबुटांचे दोन जोड घेऊन, आणि एक माझ्या पायापाशी ठेवला.

चढलो. ती पुढे दोन पावलं, मग थांबायची, माझ्याकडे न बघता समुद्राकडे बघायची, म्हणजे मला धाप टाकता येईल. वर सगळा समुद्र एकदम दिसतो. कुणीतरी सांगायला हवं होतं की एवढा असतो. मी जयेशला फोन लावणार होते, पण वाऱ्यात काय ऐकू येणार? आणि डोळ्यांत वाळू फार जाते तिथे.

तिचा फोन म्हणाला, “पुढच्या वर्षी कुटुंबासह या.” मी म्हटलं, बघू.

संध्याकाळी. हानेदा एअरपोर्ट.
उतरले. विमान सुटायच्या आधी तोत्तोरीलाच जयेशचा मेसेज आला होता, “आई, घ्यायला येऊ का?”

तिथेच “ये” असं टाइप केलं. एकच अक्षर. बघत बसले. फार उद्धट दिसत होतं. आज्ञा केल्यासारखं. पुसलं. लिहिलं, “नको. सुट्टीच्या दिवशी कशाला दगदग? मी ट्रेनने येईन. गाडी बदलता येते मला.”

अंगठा आला.

गाडी बदलता येते, हे खरं आहे. पण लगेच निघायची घाई काय? मी नको म्हटलं आणि तो निघाला असेल तर चुकामूक व्हायची. ओजिमाच्या घरून इथे यायला वेळ लागतो. केतकीही हट्ट करून आली असेल, मंजुषाला एकटीला घरी राहायला आवडत नाही.

दारातून येणाऱ्या माणसाला समोरच दिसेल अशा जागी बसले आहे. शेजारच्या खुर्चीवर नाशपातींचं खोकं ठेवलंय. त्याच्या पलीकडे पर्स, त्याच्या पलीकडे छत्री. आत्ताच एका बाईने वाकून विचारलं, इथे कुणी आहे का? मी हो म्हटलं. एकदाच.