फिकट करडा

२ फेब्रुवारी, सोमवार

आज मीटिंगमध्ये जे झालं ते क्रमाने:
१. मी सांगितलं की संस्थेच्या विकीवर, म्हणजे कामाच्या सूचनांच्या ऑनलाइन पानांवर, कोडचा प्रत्येक शब्द एकाच काळ्या रंगात दिसतो. आज्ञा, आकडे, सूचना, सगळं सारखं.
२. मॅडमनी विचारलं, तक्रार कुणाची आहे?
३. कुणाचीच नव्हती.
४. मी म्हटलं, दोन दिवसांत कोड रंगीत करून देते.
५. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, घ्या, ऑफिसला रंगारीण मिळाली. सगळे हसले.
६. मॅडम म्हणाल्या, कर, पण काही मोडू नकोस.

हसण्याचं मला काही वाटलं नाही. शेजारच्याच्या टेबलावर गेल्या आठवड्यातला कप अजून तसाच आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस झाले. काम ऐंशी टक्के पूर्ण. उरलेले वीस टक्के म्हणजे ते विकीवर चालत नाही.

शेजारच्याने विचारलं, पहिला हात मारून झाला का, की अजून भिंतच घासताय? मी हेडफोन लावले.

९ फेब्रुवारी, सोमवार

चालू झालं. आज्ञा निळ्या, आकडे नारिंगी. कॉमेंट, म्हणजे हॅशने सुरू होणाऱ्या ओळी, फिकट करड्या. त्या मशीनसाठी नसतात, नुसत्या माणसासाठी असतात. त्यांनी मागे राहावं. तीन वेगवेगळ्या स्क्रीनवर तपासलं. याहून कसून चाचणी आमच्याकडे कुणी करत नाही.

मॅडम म्हणाल्या, छान दिसतंय. छान हा शब्द मॅडम वर्षातून एकदा वापरतात.

संकल्प: कौतुक मनावर घ्यायचं नाही. घरी फक्त एकदाच सांगितलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनीला आमच्या संस्थेच्या फ्रीझर-रूममध्ये लागून तीन महिने झाले. अर्ज मीच भरून दिला होता, त्यामुळे तिच्या यशात माझा वाटा आहे. तिथले फ्रीझर ज्या कॉम्प्युटरवरून चालतात, त्याला नेटवर्क नाही. ते लोक विकीची पानं वरून छापून नेतात आणि त्यावर बघून एकेक आज्ञा टाइप करतात. या काळात!

भांडी विसळताना म्हणाली, इंजिनीअरबाई, तुमची पानं स्क्रीनवर नवरीसारखी नटलेली असतात, पण छापली की मधे मधे पांढरे पट्टे येतात हो. मी म्हटलं, टोनर बदलायला सांग. प्रिंटर माझ्या विभागात येत नाही.

दादा म्हणाला, हिच्या विभागात नेमकं येतं तरी काय, ते एकदा लिहून घेतलं पाहिजे. दादाला तांत्रिक गोष्टींची समज नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

वहिनी म्हणाली, टोनर बदलला, पट्टे तसेच. एकदा येऊन बघतेस का, दोन मजले तर उतरायचे. मी म्हटलं, लेखी तक्रार टाक. तोंडी सांगितलेलं सिस्टममध्ये राहत नाही. ती म्हणाली, बरं बाई, आता नणंदेलाही अर्ज करायचा. आणि हसली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनीची तक्रार आली नाही. म्हणजे अडचण सुटली, असं धरते.

पुढचा बेत: गडद थीम. मग सगळ्या कामावर एक लेख. मग मॅडमकडे बढतीचा विषय, सहज काढल्यासारखा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काल चार नंबरचा फ्रीझर डीफ्रॉस्टला लावला गेला तेव्हा नमुने आतच होते. वहिनीने कागदावर बघून आज्ञा दिली. आज दार उघडलं तर सगळं वितळलेलं. रुग्णांच्या रक्ताचे सात वर्षांचे नमुने. त्यातले काही रुग्ण आता नाहीत, त्यांचं रक्त परत कुठून आणणार?

कागद पाण्यात भिजला होता. सफाईत गेला.

वहिनी निलंबित. पाच मार्चला चौकशी. दोष ठरला तर नोकरी जाईल, आणि असा शेरा असलेल्या ऑपरेटरला दुसरीकडे कुणी उभं करत नाही.

विकीवर ते पान उघडून पाहिलं. डीफ्रॉस्टच्या आज्ञेच्या बरोबर वर लिहिलेलं आहे: # आधी नमुने तीन नंबरमध्ये हलवा. म्हणजे सूचना आहे. वाईट वाटतं, पण सूचना आहे.

गडद थीम तूर्त थांबवली. लोकांचं लक्ष नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनी दिवसभर कपाट आवरते. कालही तेच आवरत होती.

दादा म्हणाला, तू शिकलेली, तूच सांग, हिच्याकडून नेमकं चुकलं काय? मी म्हटलं, चौकशी व्हायच्या आधी बोलणं योग्य नाही. वहिनी म्हणाली, अहो, तिला कशाला मधे ओढता, तिचीही नोकरी आहे ना तिथे. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, पण मला ती ओळ पाहिल्याचं आठवतच नाही. असं कसं होईल? माझे डोळे काय गेले होते?

डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर दिला. मदत करणं माझं कर्तव्य आहे.

२ मार्च, सोमवार

सकाळी वहिनी माझ्या खोलीत आली. बसली नाही. विचारलं, ते पट्टे यायचे ना गं कागदावर, त्यात तर नसेल काही? चौकशीत बोलू का तसं?

मी म्हटलं, पट्टा म्हणजे रिकामी जागा. रिकाम्या जागेत काही नसतं.

ती म्हणाली, हो, तेही खरंच. बरं झालं विचारलं, नाहीतर तिथे हसं झालं असतं.

४ मार्च, बुधवार

दुपारी प्रिंटर मोकळा होता. सहज ते पान छापलं.

आज्ञा काळ्या. आकडे काळे. डीफ्रॉस्टच्या वर पांढरा पट्टा.

पुन्हा छापलं. पट्टा. कागद खिडकीच्या काचेला लावून धरला. काहीच नाही. प्रिंटर टोनर वाचवायला फिकट रंग सोडून देतो. असं असू शकतं हे मला १३ फेब्रुवारीला सुचायला हरकत नव्हती.

शेजारचा मागे उभा होता. कागद बघितला. रंगारीण म्हणाला नाही. म्हणाला, उद्या अकराला आहे ना तुझ्या वहिनीचं? मी म्हटलं, हो.

ठरवलं: आधी दुरुस्ती, मग कळवणं. उपाय हातात नसताना अडचण मांडणं व्यावसायिक नाही.

५ मार्च, गुरुवार

छपाईसाठी वेगळा नियम लिहिला: कागदावर सगळं काळं. एक ओळ लागली. दहाच्या आत झाली. मग ती कुठल्या फाइलमध्ये ठेवावी, तिला नाव काय द्यावं, यात बारा वाजले.

चौकशी अर्ध्या तासात संपली होती. समितीने पान मोठ्या पडद्यावर उघडलं. ओळ होती, फिकट करडी, पण होती. वहिनीला विचारलं, हे वाचता येतं ना? ती म्हणाली, येतं. सही केली. पट्ट्यांचं काही बोलली नाही.

गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. दोरी तेवढी परत दिली. ती तिने घरी आल्यावर खुंटीला लावली.

१० मार्च, मंगळवार

दादा माझ्याशी बोलत नाही. त्याला काही माहीत आहे म्हणून नव्हे, तो कुणाशीच बोलत नाही. वहिनी बोलते. काल जेवताना म्हणाली, बरं झालं तुला आधी विचारलं. नाहीतर उगाच तुमच्या विभागावर आळ आला असता.

आज मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग म्हणाल्या, तोंडी सांगितलेलं समिती धरत नाही, लेखी तक्रार टाक. टाकली. प्रकारात प्रिंटर, नेटवर्क आणि इतर असे तीनच पर्याय होते. इतर निवडलं. मजकूर असा:

९ फेब्रुवारीला मी विकीवर कोडचे रंग सुरू केले. तेव्हापासून छापलेल्या पानावर कॉमेंटच्या ओळी उमटत नव्हत्या. ऑपरेटरने मला हे दोनदा सांगितलं. मी बघायला गेले नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी तिला चुकीचं उत्तर दिलं, म्हणून ती चौकशीत गप्प राहिली. २३ फेब्रुवारीला तिच्या हातातल्या कागदावर ती सूचना नव्हती. ४ मार्चला छापलेली प्रत जोडली आहे. ऑपरेटरवरच्या निर्णयाचा फेरविचार व्हावा. सोमवार, १६ मार्चपर्यंत उत्तर द्यावं.