अभ्र्याखालचा कॉम्प्युटर

ती. सौ. वर्षाताईस,

धाकट्या घनश्यामचा वाकून नमस्कार, भाऊजींनाही सांग. इकडे सगळे ठीक. पुष्पाची कंबर अधूनमधून बोलते, सोयाबीन घरात आलं, कापसाचा पहिला वेचा सुरू आहे. पांढरकवड्याला तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजी गोड सोडल्याचं फोनवर सांगतात, पण सांगताना तोंडात काहीतरी असतं, लक्ष ठेव. (आता तू म्हणशील, फोन असताना ह्यानं कागद कशाला काळा केला? फोनवर तू हसतेस आणि ते मला ऐकू येतं, म्हणून. पत्र वाचून हवं तेवढं हस.)

तर हकिकत अशी. दिवाळीआधी ग्रामपंचायतीनं आमच्या शाळेला एक कॉम्प्युटर दिला. बोरी अरबपासून सात किलोमीटर आत, दोन खोल्या, पहिली ते चौथीची एकवीस पोरं आणि शिकवायला मी एकटा, अशी ही शाळा तू पाहिलीच आहेस. सरपंचांनी नारळ फोडला, यंत्राला हार घातला आणि पोरांचं भविष्य आता घनश्याम गुरुजींच्या हाती आहे असं भाषणात सांगून टाकलं. मी ते हात जोडून हसलो. त्या हातांना खडू आणि सायकलची चेन सोडून कशाची सवय नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोरांना गोल बसवून मी पडद्याखालचं बटण दाबलं. पडदा निळा झाला, इंग्रजीत दोन शब्द इकडून तिकडे फिरले आणि सगळं काळं पडलं. (खालच्या डब्याला वेगळं बटण असतं हे मला कोणी सांगितलं नाही, कारण मी कोणाला विचारलं नाही.) मला वाटलं, एकवीस साक्षीदारांदेखत आपण नवंकोरं यंत्र मारलं. घाम पुसला, पुष्पानं शिवलेला फुलाफुलांचा अभ्रा त्यावर चढवला आणि गंभीर आवाजात म्हणालो, "आधी तत्त्व, मग यंत्र." एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या तोंडून इतकं लबाड वाक्य निघालं नव्हतं.

पण तत्त्व शिकवणं आता भाग होतं. कॉम्प्युटर माहिती घेतो, साठवतो आणि विचारलं की तेवढीच बाहेर देतो, एवढं मी एका पुस्तकात वाचलं होतं. म्हटलं, पोरांचाच कॉम्प्युटर करू. रजत प्रश्न ऐकून कागदावर लिहून घेणार. निकिता म्हणजे आठवण. तिच्यापुढे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात चिठ्ठ्या. उत्तर त्यातून शोधायचं. खेमसिंग म्हणजे पडदा, तो चिठ्ठी मोठ्यानं वाचणार. नियम कडक होता: डब्यात आहे तेवढंच सांगायचं, मनाचं घालायचं नाही, काही लपवायचं नाही आणि कोणाला भ्यायचं नाही. डबा भरायला मीच सांगितलं, रोज जे दिसेल ते लिहा आणि टाका. मग काय विचारतेस! "मैनाबाईची शेळी व्याली, दोन पिल्लं." "आज खिचडीत मीठ जास्त." पहिलीची पोरं तर आपली चिठ्ठी डब्यात जावी म्हणून अक्षरं शिकली. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. आपण जन्मजात शिक्षक आहोत असंही दोन-तीन दिवस वाटलं.

गेल्या गुरुवारी वरचे साहेब शाळा तपासायला आले. मी मोठ्या तोऱ्यात पोरांचा कॉम्प्युटर मांडला. साहेबांनी मैनाबाईच्या शेळीबद्दल विचारलं, उत्तर बरोबर आलं, साहेब खूश. मग त्यांची नजर अभ्र्यावर गेली. त्यांनी पोरांनाच विचारलं, "खरा कॉम्प्युटर कधी चालू केला?" निकिता डब्यात हात घालून शोधू लागली. मी खोकलो. मधल्या सुट्टीची घंटा द्यायलाही निघालो (तेव्हा सव्वाअकरा वाजले होते). तेवढ्यात खेमसिंगनं खणखणीत वाचलं, "गुरुजींनी बटण दाबलं. निळं झालं. गुरुजी भेले. अभ्रा घातला."

साहेब म्हणाले, "पुढे?"

"आज पण अभ्रा." पुढची चिठ्ठी, "आज पण अभ्रा." अशा एकोणीस चिठ्ठ्या होत्या, ताई, आणि पोरांनी एकही सोडली नाही. मी मध्येच "बस रे बाबू" म्हटलं तर रजत म्हणतो, "गुरुजी, मंधात बोलू नका ना. मशीन कोनाले भेत नाही, तुमीच सांगतलं."

साहेब हसले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले की पंधरा दिवसांनी पुन्हा येईन. तोवर पोरं स्वतःच्या हातानं यंत्र चालवताना दिसली नाहीत, तर ते उचलून, जिथे शिकवणारा माणूस आहे अशा शाळेत देऊ. त्यांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? ते गेल्यावर निकिता डबा पोटाशी धरून उभी होती. "गुरुजी, आमच्या चिठ्ठ्यांनं कॉम्प्युटर जाईन का?" चूक माझी, आणि रडवेली झाली ती. मला फार लाज वाटली. मी म्हटलं, "चिठ्ठ्यांनं नाही जात बाई. गेला तर माह्या अभ्र्यानं जाईन."

असो. बाकी क्षेम आहे. थोरांना नमस्कार, लहानांचे गालगुच्चे.

तुझा भाऊ,
घनश्याम

ता. क. नवी तूर यायला वेळ आहे, म्हणून ओळखीच्या माणसाबरोबर सध्या भुईमुगाच्या शेंगा पाठवतो आहे. मोजू नकोस, वाटेत तो खाणार.

ता. क. दुसरा. पत्र खरं म्हणजे ह्यासाठी आहे. नर्सची नोकरी संपल्यावर तू अठ्ठावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटरचा क्लास लावलास, परीक्षा पास झालीस आणि पेढे घेऊन आलीस. तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "आता ताई कॉम्प्युटरले इंजेक्शन देते." सगळे हसले, तूही हसलीस. पण त्यानंतर क्लासचं नाव तुझ्या तोंडी कधी आलं नाही. ते माझ्या लक्षात आलं होतं आणि मी गप्प बसलो. मला माफ कर. येत्या सोमवारपासून आठ दिवस ये आणि मला शिकव. शाळा सुटल्यावर दार लावून बसू. गावात सांगू की तू पुष्पाची कंबर बघायला आलीस.

ता. क. तिसरा. पुष्पानं पत्र वाचलं. ती म्हणते, "माही कंबर मंधात आनू नका." तिचं बरोबर आहे. तेव्हा दार लावायचं राहू दे, भर शाळेत शिकव. सोमवारी एक नवा विद्यार्थी येणार, असं मी पोरांना आजच सांगितलं. निकितानं विचारलं, "त्याले काय काय येते?" मी म्हटलं, "काहीच नाही." ती म्हणाली, "मंग आमच्यापाशी बसवा, गुरुजी. आमी सांगू त्याले."