खोपोलीचा उतारा

अंजूर,
५ मार्च १९७४

प्रिय काशे,

वहिनी म्हणून मी तुला आशीर्वाद लिहायला हवेत. पण शाळेत माझ्या वेण्या ओढणारीला आशीर्वाद काय लिहायचे, हात अडतो. तेव्हा नमस्कार घे, आशीर्वाद घे, जे आवडेल ते घे. केसरीनाथ भावोजींना नमस्कार सांग.

इकडे सगळं बरं आहे. तुझ्या भावाची कामतघरला लूमवर रातपाळी चालू आहे, म्हणजे दिवसा घरात भांडं आपटायची सोय नाही. पोरं बापाच्या धाकानं दिवसभर खाडीवर. वाल यंदा चांगले झाले. होळी तोंडावर आलीय आणि घर सारवायचं अजून बाकी आहे. तरी मी सगळं टाकून पत्र लिहीत बसलेय, यावरून काय ते समज.

पत्र बघून तुला नवल वाटेल. इतकी वर्षं तू लिहिलं नाहीस, मी लिहिलं नाही. ते जाऊ दे. काम आहे म्हणून लिहितेय.

चैत्रात आपली पालखी चालत कार्ल्याला निघेल, एकवीरेला. आय यंदाही चालणार म्हणते. मागच्या साली शीळच्या देवळात ओसरीवर निजली आणि सकाळी तिला मी आणि आणखी एका बाईनं धरून उभी केली, तेव्हा कुठं पाय टेकला. म्हणून यंदा मी ठरवलं, पालखी कुठं उतरायची तिथं उतरू दे, आयसाठी दर मुक्कामाला कुणाच्या तरी घरात चांगली खोली बघायची. भाडं घेतील ते घेतील. खाट हवी, मोरी घरात हवी आणि दाराला कडी हवी.

दामूकाकांनी लगेच नाक मुरडलं. पालखीचे मुक्काम तेच ठरवतात, तुला माहीतच आहे. म्हणाले, "देवीला चालत जायाचं नी गादीवर निजायचं? ह्यो कसला नवस?" मी म्हटलं, "काका, तुमचे गुडघे तिला द्या, तिचे तुम्ही घ्या, मग बोला." तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. बरंच आहे, तेवढीच डोक्याला शांतता.

शीळला गोदूमावशीकडे सांगून ठेवलंय. खाट आहे, मोरी आहे, वारा चांगला येतो. एकच भीती, गोदूमावशी स्वतः. ती रात्रभर बोलते आणि मधेमधे "निजलीस का गं?" म्हणून उठवून विचारते. पनवेलला धोंडूबाईची माडीवरची खोली पाहिली. विजेचा पंखा, नळाचं पाणी, भिंतीला निळा रंग, मला तर तिथंच संसार थाटावासा वाटला. पण जिना असला उभा की आय चढेल आणि उतरवायला चार माणसं लागतील. खालची खोली मागितली तर तिथं मिठाची पोती. बाई म्हणाली, पोती हलवते, पण म्हातारी खोकणारी नाही ना? मी म्हटलं, खोकते, पण चालीत खोकते. शेवटी कबूल झाली. चौकला एका गुरुजींच्या घरची पडवी मिळाली, नुसती पडवी नाही गं, तीन बाजूंनी बंद आहे.

खोपोलीचं मात्र अडलंय. मिलच्या रस्त्याला एक लॉज आहे असं ऐकलं, आणि देवळामागं वाण्याच्या दुकानाला लागून एक खोली. तू तिथलीच. कुठली बरी? डास कुठं कमी? पाण्याला वास तर येत नाही ना? एवढंच कळव. तुझ्याकडं उतरवून घे असं मी म्हणत नाहीये. तसंही मूल झाल्याशिवाय आय लेकीच्या घरचं पाणी पिणार नाही, तिची रीत तुला ठाऊक आहे.

हे लिहायला नको होतं. पण खोडलं तर तू कागद उजेडात धरून वाचशील, त्यापेक्षा असू दे. काशे, माझ्या मनात तसलं काही नाही गं. मेली माझी जीभ तशीच माझी लेखणी.

आता निघालंच आहे तर बोलते. त्या साली तू दामूकाकांबरोबर निरोप धाडलास, "औंदा उतारा माझ्या नावावर करा." तेव्हा रस्त्याकडच्या आपल्या शेताला नुकते शेठ लोक विचारायला यायला लागले होते. तुझ्या भावाच्या डोक्यात तिडीक गेली. बाप जाऊन वर्ष झालं नाही आणि बहीण सातबाऱ्यावर नाव मागते, म्हणून त्यानं घर डोक्यावर घेतलं. तलाठ्याकडं जाऊन आला. आणि तुला उलटा निरोप धाडला. मला विचारशील तर, मागितलास तर काय बिघडलं? लेक आहेस, दावा लावायला नव्हतीस आली. तेव्हाही मी हेच म्हटलं होतं आणि तेव्हाही माझं कुणी ऐकलं नाही. भाऊबीज बंद झाली, तुझं येणं बंद झालं. तूच मला या घरात आणलंस, "माझ्या भावाला कर, मग आपण दोघी एकत्र राहू" म्हणालीस, आणि स्वतः कुठं जाऊन बसलीस?

आय खोपोलीला दरसाली शाळेच्या ओट्यावर निजते. तुझ्या घराच्या अंगाला तोंड करून निजते आणि सकाळपर्यंत कूस बदलत नाही. मी तिच्या शेजारीच असते ना. डोळे मिटलेले असतात, झोप नसते. गादी, पंखा, मोरी हे सगळं मी बघतेय, पण तिची झोप कुठल्या खोलीत मिळेल ते मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे.

डॉक्टरांनी तिला चालायची बंदी केलीय. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि आयही आपल्याला कळलंच नाही असं दाखवते. यंदा ती कुणाचं ऐकायची नाही, पण पुढच्या साली ती चालणार नाही.

खोलीचं तेवढं कळव.

तुझी,
कमळ


अंजूर,
१८ मार्च १९७४

काशे,

आज नमस्कार-आशीर्वाद काही नाही, वेळ नाही. तुझं कार्ड आलं. चुलीपुढं उभ्यानं वाचलं, परत वाचलं, भात करपला तरी मला वास नाही.

तू जमीन मागितलीच नव्हतीस!

तुझीच ओळ तुला परत लिहिते, म्हणजे मी नीट वाचली की नाही ते तुला कळेल. "मी पालखीचा उतारा मागितला होता. पालखी एक रात्र माझ्या दारी उतरावी, सगळ्यांना जेवू घालावं. देवीचा उतारा म्हटलं की आयला लेकीच्या घरी आल्याचा दोष लागणार नव्हता. तुम्ही कळवलंत, तुझं नाव उताऱ्यावर लागणार नाही. मी समजून गेले. वांझेच्या दारी देवी उतरवत नाहीत."

अगं बाई, अगं माझे बाई! तुझ्या भावाला सातबाऱ्याशिवाय दुसरा उतारा सुचलाच नाही. त्याला शेत दिसत होतं, तुला पालखी दिसत होती. तो म्हणाला शेताच्या कागदावर नाव लागणार नाही, आणि तू ऐकलंस भलतंच. वांझ हा शब्द या घरात तुझ्यासाठी कुणी काढला नाही. कुणी काढला असता तर मी उलथनं तापवून बसले असते.

मी तशीच पदर खोचून दामूकाकांकडं गेले. ते पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरायचं जाळं शिवत बसले होते. म्हटलं, काका, काशीनं कसला उतारा मागितला होता? अबोला विसरून म्हणाले, "पालखीचा. दुसरा कसला?" मग तेव्हा बोलला का नाहीत? तर म्हणतात, "मना कोनी इचारला? तिनी दिला तो बोल आनला, त्यानी दिला तो नेला. मना वाटला, लेकीच्या घरी नको म्हनून तुझा सावळाराम न्हाय बोलला असंल." जन्मभर पालखीचे उतारे ठरवणारा माणूस, त्याला सातबारा सुचला नाही. एकाच शब्दावर तिघं जण तीन दिशांना तोंड करून बसले, आणि मधे तुझं माहेर गेलं.

तुझा भाऊ पाळीवरून आला तेव्हा कार्ड त्याच्या पुढ्यात ठेवलं. अंगावरचा कापूससुद्धा झटकला नाही त्यानं. वाचलं, आणि तसाच उंबऱ्यावर बसला. मी चांगलं तासलं त्याला, खोटं कशाला बोलू? लूमच्या खडखडाटात राहून राहून तुमचे कान गेलेत, म्हटलं. भाकरी तशीच राहिली. शेवटी म्हणाला, "कमळे, आयला तू सांग. माझ्यानी न्हाय होनार."

मग मीच सांगितलं. मला वाटलं होतं रडेल, तुझ्या भावाला बोलेल. काही नाही. तिनं मला परत एकदा सांगायला लावलं. मग विचारलं, "म्हंजे पोरीनी मना बोलावला व्हता?"

मी म्हटलं, हो आय, बोलावलं होतं.

"नी मी ओट्यावर निजलू."

एवढंच. मग उठली आणि भिंतीला धरून आत गेली. मला वाटलं पडायला गेली असेल. बघते तर पेटीतून हिरवं लुगडं काढून बसलेली. म्हणाली, पाडव्याला मी खोपोलीला जातंय. मी म्हटलं, पालखी पाडव्यानंतर निघायची आहे आय, आणि तुला पाडव्यापर्यंत चालत कसं पोचवणार? तर माझ्याकडं असं बघितलं तिनं, जशी मीच वेडी. "देवीकडं चालत जायाचं. लेकीकडं गाडीनी गेला तरी चालतंय."

घे! मी खोल्या बघत वणवण फिरले, गोदूमावशीची बोलणी खाल्ली, मिठाची पोती हलवायला लावली, आणि ही एस.टी.नं निघाली.

दामूकाका मागाहून आले, त्यांना नवसाची चिंता. काशे, नवस कसला ते तुला आयनं कधी सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नव्हते. दरसाली ती तुझ्या पोटासाठी चालत होती. काका म्हणाले, "ठमाबाय, नवस अर्धा सोडशील तर देवी काय बोलंल?" आय लुगड्याच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "देवीशी मी बोलन. तिला पोर देयाचा तर देवदे, न्हाय तर नको. माझी पोर मना हाय. तिच्या घरी मी जेवनार, पानी पिनार, निजनार. कोनाला काय बोलायचा तो बोला." काकांनी टोपी काढली, परत घातली, आणि गेले.

तर पाडव्याला सकाळच्या गाडीनं ती निघेल. तुझा भाऊ तिला आणेल. तो आत येणार नाही, आळीच्या तोंडाशी थांबतो म्हणतो, तुला तोंड दाखवायची त्याला लाज वाटते. त्याला आत घे, नको घेऊस, चार शिव्या दे, तुझा हक्क आहे. मी त्याची बाजू घेणार नाही. पण आय दारात आली की तू रागानं आत वळू नकोस गं. तू गप्प राहिलीस तर ती परत फिरेल, आणि या वेळी परत फिरली तर तिला पुन्हा आणायची ताकद माझ्यात नाही, तिच्यातही नाही.

मला यायचं होतं. पोरांना कुणाकडं टाकू? आणि आणखी एक, खरं ते लिहिते. आम्ही दोघी तुझ्या दारात एकदम उभ्या राहिलो तर तू आयकडं बघशील की माझ्याकडं? पहिली भेट तिची असू दे. मी इतकी वर्षं काढली, आणखी थोडे दिवस काढेन. तुझ्याशिवाय या घरात मी नुसती सून आहे, काशे. माझं हसणं कुणाला कळत नाही आणि माझी भांडणं कुणाला खरी वाटत नाहीत.

आयला हवे तेवढे दिवस ठेव. पण तिला परत आणून सोडायला भावोजींना धाडू नकोस, भावाला बोलावू नकोस. तू ये.

दाराकडं डोळे लावून बसलेली तुझी,
कमळ