शहागंजचा थांबा

मुकुंदवाडी, औरंगाबाद
रविवार, १९ मे २०१९

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे मी ठीक आहे, तिकडे तुम्ही सगळे ठीक असाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ठीक मी नाही आणि तूही नसणार. बारा दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस. मग पत्रच. एकदा फोडलंस की शेवटपर्यंत वाचशील.

जायकवाडीच्या उघड्या पडलेल्या पात्रात मेंढरं चारायला नेतोस, असं सरू वहिनीकडून कळलं. चारा मिळतो का तिथं? इथं नळाला सहाव्या दिवशी पाणी येतं. बायपासला मात्र रोज नवी इमारत उभी राहतेय, त्यांना पाणी कुठून देणार कोण जाणे. एवढं लिहून मी दोनदा उठले. एकदा कुकर लावला, एकदा उगाच गॅलरी झाडली. तू म्हणायचास ना, शीलीच्या पायाला भिंगरी आहे. आहेच.

परवा बद्रीनाथशेठ भेटले. शहागंजातलं त्यांचं मॅचिंग सेंटर तुला ठाऊक आहे, वहिनीचे अस्तर-फॉल तिथूनच यायचे. म्हणाले, “बाई, तुमची भाची कधी येतीय? दोघं-दोघं मिळून फॉलचे गठ्ठे लावायलेत, तरी शेंदरी अन् केशरी एकात करायलेत. अक्षदाचं काम लई पक्कं.” एक जूनपर्यंत जागा ठेवतो म्हणाले. आपल्या एकवीस वर्षांच्या अक्षदासाठी कुणी जागा राखून ठेवतंय, दादा, आणि ते दया म्हणून नाही.

माझं काम तुला कधी पटलंच नाही. ‘खुळ्या पोरांची मास्तरीण’ असं पाहुण्यांना सांगायचास आणि मी भांडायचे. अक्षदासारख्या स्वमग्न माणसांना मी रोजचं जगणं शिकवते. बस पकडायची कशी, गर्दीत जीव घाबरला तर काय करायचं, नको असेल तर ‘नाही’ कसं म्हणायचं. त्यांच्या आईबापांचेही वर्ग घेते. पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते, ‘सरळ बोला. यांना शब्द जसाच्या तसा ऐकू येतो.’ खाली दोन रेघा ओढते. असली मी हुशार.

आता त्या मंगळवारचं.

दवाखान्यात मी तुला सांगितलं की तिची बस चुकली, अजून तिच्या लक्षात राहत नाही. तू सलाईनच्या बाटलीकडे बघत म्हणालास, “म्हंजी तिला जमायचं नाय. व्हय का नाय?” मी गप्प बसले. दीड वर्ष माझ्याकडे राहिलेल्या पोरीची पिशवी तू उचललीस आणि पैठणची एसटी धरलीस.

दादा, तिची बस चुकली नव्हती.

तीन आठवडे मी शहागंजपर्यंत तिच्या शेजारी बसून गेले-आले. चौथ्या आठवड्यात मागच्या सीटवर. तिला सगळं येत होतं. त्या दिवशी दुकानातून पहिल्यांदा एकटीनं परत यायचं होतं. थांब्यावर तिला म्हटलं, “बस आली की बसायचं, मुकुंदवाडीला उतरायचं.” तिनं मान हलवली. पुढे जाऊन मी तिची वाट बघणार होते. रिक्षात बसता बसता म्हणाले, “येते गं.”

एवढंच. आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणतं का कुणी? लहानपणी मी एकदा म्हणाले, तर आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता. पण अक्षदानं शब्द जसाच्या तसा ऐकला. आत्या येते म्हणाली, म्हणजे येणार. बस आली, गेली. दुसरी आली. शेजारी टोपल्या विकणाऱ्या साळूबाईनं तिला सावलीत ओढलं, तर ही पुन्हा उन्हात येऊन उभी. “आत्या इथंच येनार हाय,” म्हणत होती म्हणे. दुपारी एक ते चार, मे महिन्याचं ऊन.

आणि मी मुकुंदवाडीच्या थांब्यावर. बस यायची, ती उतरायची नाही. जिवाची तगमग चालली होती. पण आमच्याकडे शिकवतात, मदतीला लगेच धावू नका, वेळ द्या. जन्मात पहिल्यांदा मी एका जागी बसून राहिले ते नेमकं तेव्हा. साळूबाईनं तिच्या गळ्यातल्या कार्डावरचा नंबर लावला, तोवर ती खाली पडली होती.

शुद्धीवर आल्यावर रागावलीसुद्धा नाही. म्हणाली, “आत्या, नऊ बस गेल्या. तू उशिरा आलीस.”

हे सगळं तू पोचायच्या आधी मला माहीत होतं. तरी खोटं बोलले. दुसऱ्यांना शिकवते त्यातच मी चुकले, हे तोंडातून निघेना. दोष तिच्या पदरात टाकला, कारण ती उलटून बोलणार नव्हती. फार लाज वाटते, दादा. मी शिकवते त्या संस्थेच्या मोठ्या बाईंना काल सांगून टाकलं. तुला सांगायचं धाडस आज झालं.

वहिनीनं शेजारच्या फोनवरून कळवलं, अक्षदाला दाराबाहेर सोडायचं नाही असं तू बजावलंयस. ती रोज विचारते, “माझं काय चुकलं?” आणि तू म्हणतोस, “ऱ्हाऊ दे.” हे उत्तर तिला पोचत नाही. ती विचारतच राहील.

माझ्यावर हवा तेवढा राग धर. माझ्या भरवशावर तिला पाठवूही नकोस. तू स्वतः ये, बसमध्ये तिच्या मागे बस आणि तिला येतं की नाही ते तुझ्या डोळ्यांनी बघ. फक्त एक जूनच्या आत ये.

आणि आजच एक काम कर. तिला समोर बसव, डोळ्यांत बघायची सक्ती करू नकोस, आणि सांग की तिची चूक नव्हती. ती लगेच विचारेल, “मग कुणाची?” नुसतं ‘आत्याची’ म्हणून भागायचं नाही, तिला आत्या दोन आहेत. पूर्ण नाव सांग:

शीला सोनाजी नरोटे