उत्तर वहिनीने द्यायचं

३ फेब्रुवारी

मला बाहेर काढलं. पडद्याच्या बाहेर, लोखंडी बाकावर, एका खोकणाऱ्या म्हाताऱ्याच्या शेजारी. का? तर नर्सबाईंना वहिनीशी बोलायचं होतं आणि मी मध्ये बोलत होते.

मध्ये म्हणजे काय? वहिनी काही बोलतच नव्हती. काल तिला तिरोडीकडच्या गावाहून जीपमध्ये घालून इथे बालाघाटच्या दवाखान्यात आणलं. उलट्या, चक्कर, घरात पडली. डॉक्टर म्हणतात, रक्तातलं मीठ कमी झालंय. भाऊ गेला तेव्हापासून ती त्या घरात एकटी. गाय, परसातली भाजी, सगळं स्वतः बघते. या वयातही कुणाच्या दारात गेली नाही, हे मी कौतुकाने सगळीकडे सांगते. मग तिची माहिती माझ्यापेक्षा जास्त कुणाला असणार?

"अम्माजी, क्या तकलीफ है?" मी सांगितलं. "कब से?" मी सांगितलं. "भूख लगती है?" मी म्हणाले, हिचं खाणं पहिल्यापासूनच चिमणीचं. नर्सने पेन खाली ठेवलं. "आंटीजी, भरती कौन है, आप कि ये?"

वय असेल पंचविशीचं. छातीवर नावाची पट्टी, दीपिका. उकवा गावाकडची आहे म्हणे.

४ फेब्रुवारी

पडदा पुरता लागत नाही. एक कडी तुटली आहे. मी बघितलं, त्यात लपवायचं काय!

मला वाटलं होतं की ही फडाफडा विचारेल आणि खुणा करत जाईल. तसं नाही. स्टूल ओढून बसली, वहिनीच्या डोळ्यांच्या उंचीला. आधी हात धरला. नाडी बघतेय असं वाटावं, पण बघत होती नखांकडे, मनगटाच्या कातडीकडे. चिमटीत उचलून सोडली. मग म्हणाली, "तीन दिन पहले सुबह उठीं, तो सबसे पहले क्या किया?"

आजाराबद्दल एक शब्द नाही. वहिनी सुरू झाली. गाय, शेण, चूल, चहा. चहाबरोबर काय खाल्लं? काही नाही. दुपारी? पेज. मीठ घातलं? "मीठ काहून घालू, बीपीवाल्या डॉक्टरनं मना केलं." किती दिवस झाले? लई दिवस.

हे मला ठाऊक नव्हतं.

माझी सगळी नोकरी कोर्टात साक्षीदारांचे बयान टाइप करण्यात गेली. प्रश्नातच उत्तर घालून विचारलं की समोरचा वकील हरकत घ्यायला उठायचाच. म्हणजे "भूक लागते का" असं विचारलं तर म्हातारी माणसं "हौ" म्हणणार. "काल काय जेवलात" म्हटलं की खरं बाहेर येतं. ही पोरगी हे कुठे शिकली? विचारलं. "ट्रेनिंग में बताते हैं आंटीजी। पर आधा तो गाँव की औरतों के घर जा-जाकर आया।" आणि लगेच मला म्हणाली, "आप परदे के पीछे से सुनती बहुत हैं, इनसे कुछ पूछती नहीं।" आगाऊ.

५ फेब्रुवारी

वाईट दिवस.

मीठ कमी झालं की डोकं भरकटतं म्हणे, म्हणून आज दीपिकाने ते तपासलं. कुठे आहात? "दवाखान्यात." आज तारीख कोणती? "आज चतुर्थी, मी उपाशी हाय." दीपिका जरा थांबली. घरात कोण कोण? "पोरगा हाय, रायपूरले." त्याचं नाव? "वीरेंद्र." मग आपल्या मालकाचं नाव?

गप्प.

परत विचारलं, तर पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी बाकावर बसून होते. पन्नास वर्षांचा संसार, आणि नाव आठवत नाही?

डॉक्टर राउंडला आले, वाचलं, म्हणाले, अजून गोंधळ आहे, अशा अवस्थेत यांना एकटं ठेवायचं नाही.

वीरेंद्रला फोन केला.

६ फेब्रुवारी

वीरेंद्र सकाळच्या बसने आला. आईजवळ बसला, पाय दाबले, चांगला मुलगा आहे. बाहेर आल्यावर म्हणाला, "आत्या, आता तर रायपूरले घेऊनच जातो. गाय गावातल्या वसंताकाकाले देऊन टाकू. घराले कुलूप."

मी त्याला झाडलं. चौथा मजला, तू आणि सून दिवसभर कामावर, ती खिडकीतून काय, कावळे मोजणार? गावच्या घराच्या ओसरीवर बसूनच ती जग सोडेल, मी तिला ओळखते.

"मग तुम्हीच सांगा ना, काय करू? बाबांचं नाव नाही सांगता येऊन राह्यलं तिले."

घरी आले, वरण लावलं, करपवलं.

७ फेब्रुवारी

सकाळी चहा गाळताना कळलं आणि गाळणी हातातच राहिली.

वहिनीने भावाचं नाव कधी घेतलंय? जन्मात नाही! "वीरेंद्रचे बाबा." नाहीतर नुसतं "घरचे." आणि हे मला कळू नये? मला? कोर्टात गावच्या बायका साक्षीला उभ्या राहायच्या. पती का नाम? की मान खाली. साहेब वाट बघायचे. शेवटी मागून कुणीतरी नाव सांगायचं, बाई मान हलवायची आणि मी टाइप करायचे. असे किती बयान माझ्या हातून गेले असतील. आणि आपल्याच वहिनीच्या वेळी मी धरून चालले की डोकं गेलं!

ऑटो करून दवाखान्यात. दीपिकाला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि इंग्रजीत सुनावलं, वहिनी नवऱ्याचं नाव घेतच नाही म्हणून. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं इंग्रजी अशा वेळी कामाला येतं. ती ऐकत राहिली. मग कपाळाला हात लावून म्हणाली, "मेरी सास भी नहीं लेती। घर में जानती हूँ, ड्यूटी पर भूल गई।" मग गंभीर होऊन, "लेकिन आपके कहने से तो नहीं लिख सकती। जवाब इनसे ही चाहिए।"

बरोबर होतं तिचं. राग आला, पण बरोबर होतं.

मी म्हणाले, उखाण्यात घेते ती. लग्नाकार्यात सगळ्यांच्या पुढे असायची.

दुपारी गंमत झाली. दीपिकाने वहिनीला उखाण्यात नाव घ्यायला सांगितलं, तशा शेजारच्या पलंगावरच्या चंपाबाई उठून बसल्या. "घ्या ना व माय, आमी नाही सांगत कोणाले." वहिनी नाही नाही म्हणत होती. माझ्याकडे एकदा बघितलं, फार विचित्र बघितलं. चंपाबाई म्हणाल्या, "राहू द्या, येत नसन त्याहीले." मग मात्र वहिनीने पदर नीट केला.

"सलाइनच्या नळीतून थेंब थेंब गळे,
सुखरामरावांचं नाव घेते, पुसता काहून मले?"

सगळा वॉर्ड हसला. पाठ केलेलं नाही, तिथल्या तिथे जुळवलेलं! दीपिकाने हसत हसत लिहून टाकलं. वीरेंद्र डोळे पुसत होता.

फक्त वहिनी हसली नाही. दमली असेल.

८ फेब्रुवारी

रक्तातलं मीठ ठीक. डोकं ठीक. डॉक्टर म्हणाले, घरी राहू शकतात, उद्या सुट्टी. वीरेंद्र रायपूरला परत गेला. मी जिंकले.

९ फेब्रुवारी

सामान बांधलं. वहिनी पलंगावरून उतरेना. चल, तुझी गाय वाट बघते, म्हणणार होते. पण कोण जाणे का, स्टूल ओढून बसले. विचारलं, वहिनी, काय आहे मनात? आणि गप्प बसले. मला ते फार कठीण गेलं.

वहिनी म्हणाली, "पडली ना मी बाई, तं सांजेपासून सकाळवरी तशीच खाली होती. लई हाका मारल्या. कोणाले ऐकू नाही गेल्या."

मग म्हणाली, "नाव तं मी त्या पोरीच्या कानात सांगितलं असतं. पण मंग घरी धाडलं असतं मले."

तिचा हात धरून खाली आणलं. ऑटोवाल्याला बसस्टँड नको म्हणाले, माझ्या घराचा रस्ता सांगितला.